छाट

दोनशे दहा फुटांवर बोअरचा रॉड अडकला.
वर येईना, खाली जाईना.
कम्प्रेसर बंद पडला तशी
बिडी केंद्राच्या आवारात एवढी शांतता झाली
की हातातल्या कट्ट्याची कुरकुर मला ऐकू आली.

वही मिटली. सुट्टीची वेळ नव्हती,
पण धुळीनं पांढरी झालेली ती पाच माणसं
मोहाखाली जाऊन बसली, तर मीही बसलो.

त्यांच्यातला सेल्वम.
चाळिशीचाच असेल; धुळीनं म्हातारा केलेला.
लुंगीच्या कनवटीतून त्यानं एक काढला,
माझ्यापुढे धरला.
"चुरुट्टु."
म्हणजे चिरूट! मंडईच्या नाटकात
इन्स्पेक्टरच्या तोंडात पाहिलेला,
तोही पुठ्ठ्याचा.

एकतीस वर्षं मी बिडी तपासतो.
ओढण्याआधी चिमटीत दाबून पाहिला:
भरीव. टोकाला पोकळ नाही.
दोरा शोधला. दोराच नाही.
दोऱ्याशिवायचं काही आलं
तर आमच्याकडे थेट टोपलीत जातं.
पान तेंदूचं नव्हे,
तंबाखूलाच तंबाखू गुंडाळलेली,
कणकेच्या पोळीत कणकेचंच पुरण भरावं तशी.
शिरा जाड. रंग वाळल्या गोवरीचा.
वास ओल्या पोत्याचा, थोडा गुळाचा,
आणि मागे कुठेतरी
बैलाच्या गळ्यातल्या चामडी पट्ट्याचा.

पहिला झुरका बिडीच्या सवयीनं
खोल घेतला
आणि डोळ्यांपुढे तिरोडा स्टेशन फिरलं.
पाचही जण हसले.
सेल्वमनं गालावर बोट ठेवून दाखवलं:
इथेच. खाली नको. आणि सोड.

मग जमलं थोडं.
बिडीला घाई फार, दोन झुरके विसरलात
की रुसून विझते.
हा बसून होता, सोयऱ्यासारखा.
बोटभर राख झाली तरी पडेना.
आधी मिरं, मग भाजलेला मोह,
मग जिभेच्या कडेला असं काही
ज्याला मला नाव सापडेना.
तपासनिसाला नाव न सापडणं बरं नव्हे.

"पास का छाट?"
फुलवंता उईके. मांडीवर सूप, रांगेत पहिली.
तिच्या हजारातून मी साठ-सत्तर काढतो दर वेळी,
कधी खरोखर काढाव्या लागतात म्हणून,
कधी आकडा वरूनच आलेला असतो म्हणून.

"अजून कळलं नाही," मी म्हणालो.

"आमच्या कट्ट्याचं दोन बोटांत कळते तुले,
न् याले अर्धा तास?
आन इकडं."

तिनं तो मातीत विझवला
आणि नखानं पान उकलायला घेतलं,
निजलेल्या लेकराचं लंगोट सोडावं तसं.
तुकडे गुडघ्यावर मांडले.
बराच वेळ बोलली नाही.

"डावखुरी आहे."
"कोन?"
"वळनारी. पाह्य, वळसा उलटा चालला.
न् येथं थांबली. येथून पुन्हा धरलं.
लेकरू रडलं असन."

मी सेल्वमला खुणेनं विचारलं:
बाई? डावा हात?
त्यानं मान हलवली.
त्यांची मान हो म्हणते की नाही,
ते आम्हाला कळत नाही.

तेवढ्यात रॉड सुटला. पुन्हा तो आवाज,
राखाडी धूळ मोहाच्या शेंड्यापर्यंत.

मी वही उघडली,
फुलवंताचा कट्टा घेतला
आणि दाबायच्या आधी
वळसा कुठल्या बाजूला जातो ते पाहिलं.
उजवीकडे.
एका बिडीत तो मध्येच थांबलेला होता.

छाट किती निघाली ते वहीत आहे.

चिरुटाचं ते पान
तिनं टाकलं नाही.
सुपात एका कडेला ठेवून
वर कात्री ठेवली,
वाऱ्यानं जाऊ नये म्हणून.